सहा नंबरच्या सपाता

“सपाता फक्त डॉक्टरांसाठी हायेत, बाई.”

“मी डॉक्टरच आहे.”

दाराशी बसलेल्या गृहस्थांनी माझ्या गळ्याकडे पाहिले. तिथे स्टेथोस्कोप नव्हता. मग त्यांनी माझ्या पायांकडे पाहिले, आणि चेहऱ्याला दिला होता त्याहून बराच जास्त वेळ पायांना दिला.

“त्या डॉक्टर न्हवं,” ते समजुतीच्या सुरात म्हणाले. “खऱ्या.”

समाजशास्त्रात पीएच.डी. मिळवायला मला सात वर्षे लागली होती. ती सातही वर्षे दाराबाहेर काढून ठेवून मी अनवाणी आत गेले. मागून त्यांचा आवाज आला, “नंबर सहा. उजवा पाय जरा आत पडतोय.”

कृष्णाकाठच्या त्या रुग्णालयातल्या बाह्यरुग्ण विभागाला कुणा देणगीदाराने आरशासारखी फरशी बसवून दिली होती. तेव्हापासून दारावर पाटी होती: ‘पादत्राणे बाहेर काढावीत.’ दाराला लागून आत निळ्या सपातांचे एक कपाट होते आणि त्यातला प्रत्येक जोड कुणा ना कुणा डॉक्टरचा होता. परिचारिका, कारकून, रुग्ण, रुग्णांचे नातेवाईक आणि त्या दिवसापासून मी, असे आम्ही उरलेले सारे अनवाणी. मानवी समाजातील स्तररचना इतक्या स्वच्छ फरशीवर मांडलेली मी पूर्वी कधी पाहिली नव्हती. मला संताप आला, आणि संतापाचे मी नेहमी जे करते तेच केले. टिपण लिहिले.

दाराशी बसलेले, कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे होती ते आगवणे. दाराबाहेर डाव्या हाताला त्यांची कार्यशाळा होती. चामड्याचे काम त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्यांचे, आणि रुग्णालयाने बावीस वर्षांपूर्वी त्यांना नेमले होते ते बधिर पायांसाठी खास चपला करायला. पुढे सपातांचे कपाटही त्यांच्याकडेच गेले, कारण पायात घालायचे काहीही असले की ते आगवण्यांचे, असे तिथे सर्वांनी गृहीत धरले होते. त्यांना सगळे ‘मामा’ म्हणत. डॉक्टर ‘सर’, परिचारिका ‘सिस्टर’, आणि त्याखालचा प्रत्येक माणूस आपोआप आप्त होई, मामा किंवा मावशी. इतक्या प्रेमाने माणसाचे नाव पुसून टाकण्याची दुसरी रीत माझ्या वाचनात नाही. हे निरीक्षणही मी टिपून ठेवले, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांना मामा म्हणू लागले.

आमचा प्रकल्प तीन वर्षांचा होता. मधुमेहाने ज्याचे पाय बधिर होतात त्याला खडा टोचलेला कळत नाही, चटका कळत नाही. जखम होते, चिघळते, आणि अखेरीस पाय कापावा लागतो. अशा रुग्णांना मऊ काळ्या रबराच्या, ज्याच्या त्याच्या पायावर बेतलेल्या चपला दिल्या तर जखमा टळतात का, हे पाहायचे होते. सरकारी पत्रात आम्हाला ‘आंतरविद्याशाखीय संशोधन गट’ म्हटले होते. गटप्रमुख शल्यचिकित्सक डॉ. अभयसिंह निंबाळकर, संख्याशास्त्राचे प्रा. इक्बाल मुजावर, समाजशास्त्राची मी, वैजयंती लिमये, आणि चौथे आगवणे. त्यांचे नाव अर्जात घालावे लागले होते, कारण ‘पादत्राण तंत्रज्ञ’ असा रकाना होता आणि तो रिकामा ठेवता येत नव्हता.

आगवण्यांची मी रीतसर मुलाखत घेतली होती. दीड तास. त्यांचे प्रत्येक वाक्य वहीच्या उजव्या पानावर निळ्या शाईने, आणि त्या वाक्याचा शास्त्रीय अर्थ डाव्या पानावर लाल शाईने, अशी माझी पद्धत. सपातांसाठी मी प्रमुखांकडे लेखी अर्जही केला. त्यात व्यावसायिक अस्मिता, प्रतीकात्मक बहिष्करण वगैरे गोष्टी संदर्भांसह होत्या. आठ महिने तो डॉ. निंबाळकरांच्या टेबलावर पडून होता. त्यांनी तो वाचला असावा असा मला दाट संशय आहे, कारण त्यानंतर ते मला ‘डॉक्टर’ म्हणायचे काळजीपूर्वक टाळू लागले.

प्रकल्पाची तपासणी समिती पुण्याहून सोमवारी येणार होती. आदल्या गुरुवारी आमची शेवटची बैठक झाली.

“दोनशे बारा रुग्णांना चपला दिल्या,” मुजावर कागद पाहत म्हणाले. “तपासणीच्या वेळी पायात किती जणांच्या? नऊ.”

“नऊ टक्के?” मी विचारले.

“नऊ माणसं, मॅडम. टक्के काढले तर आणखी वाईट वाटेल.”

तो रकाना मीच घालायला लावला होता. ‘रुग्णाला विचारू नका, चप्पल घालता का म्हणून, माणसे समोरच्याला आवडेल ते उत्तर देतात. तपासणीच्या वेळी पायात चप्पल आहे का, ते डोळ्यांनी बघा आणि लिहा.’ या काटेकोरपणाबद्दल मुजावरांनी माझे अभिनंदन केले होते.

“अडाणीपणा,” निंबाळकर म्हणाले. निळ्या सपातांतले त्यांचे पाय टेबलाखाली एकावर एक विसावले होते. “सांगून सांगून घसा बसला माझा.”

“पण सर, जखमा निम्म्याने कमी झाल्यात. चपला घालत नाहीत, तर मग कशाने?”

“ड्रेसिंग बदललं आपण,” निंबाळकर विनयाने छताकडे पाहत म्हणाले. ती ड्रेसिंगची पद्धत त्यांनी स्वतः बसवलेली होती.

मी याच क्षणाची वाट पाहत होते. “हा अडाणीपणा नाही, सर. हा निर्णय आहे. ती काळी, जाड पट्ट्यांची चप्पल दिसली की गाव म्हणतं, हा रोगी. माणूस चप्पल नाकारत नाही. चपलेनं त्याच्यावर लादलेली ओळख नाकारतो. आपण औषध म्हणून जे देतो, तो त्याच्या लेखी कलंक आहे.”

तीन वर्षांत प्रथमच डॉ. निंबाळकरांनी माझ्याकडे हिस्टरी लिहून घेणाऱ्या कारकुनाकडे बघावे तसे पाहिले नाही.

“हे पटतं,” ते म्हणाले. “अहवालात घाला. उत्तम लिहिता तुम्ही.”

दाराजवळच्या स्टुलावरून आगवणे म्हणाले, “सर, चपला झिजून येत्यात.”

“मग नवं रबर लावा, मामा.” निंबाळकरांनी मान वर केली नाही. “तर शिफारस सरळ आहे. चपला कुणी घालत नाही, मॅडमनी कारणही दिलंय. कार्यशाळा बंद करावी, जागा ड्रेसिंगला घ्यावी. मामांना आपण वॉर्डात सामावून घेऊ, चिंता नको. आणि हो, मामा, मॅडमना सपाता करून द्या. डॉक्टर आहेत त्या.”

मी आभार मानले. कोणत्या वाक्याचे, ते कुणी विचारले नाही.

आगवण्यांनी मात्र विचारले. निदान मला तसे वाटले. शनिवारी सकाळी त्यांनी मला माप द्यायला बोलावले, आणि मी कार्यशाळेच्या उंबऱ्यात उभी राहताच म्हणाले, “या. झालं ना मनासारखं?”

“तुमच्याबद्दल वाईट वाटतं, मामा.”

“कशाला? बावीस वर्षं लोकांच्या पायाशी बसलो. आता उशाशी बसवत्यात. बढतीच की.” त्यांनी जमिनीवर कागद अंथरला. “उभं ऱ्हावा ह्याच्यावर. वजन दोन्ही पायांवर टाका. एकाच पायावर नको, माप खोटं येतं.”

पेन्सिल उभी धरून ते पावलाभोवती रेघ ओढू लागले. भिंतीला तारेत ओवलेले असे शेकडो कागद लटकत होते. प्रत्येकावर दोन पावलांची आकृती, खाली नाव, तारीख आणि एकदोन ओळी. ‘टाच घासते.’ ‘डावा अंगठा नाही.’ ‘घाईने चालतो, पुढे भार.’ शोधनिबंधांत मी याला काय म्हटले असते याचा विचार करत होते, तेवढ्यात त्यांनी माझ्या कागदावरही काही लिहिले आणि तो तारेत ओवून टाकला. उलटा होता, मला वाचता आला नाही. विचारावे असेही वाटले नाही.

“मामा, हाईसा का?”

दारात साठीच्या एक बाई उभ्या होत्या. हौसाबाई, दर तपासणीला सर्वांत आधी येऊन बाकावर बसायच्या म्हणून मला ओळखीच्या. त्यांनी पायातल्या काळ्या चपला काढून आगवण्यांपुढे टाकल्या. उजव्या चपलेचा तळवा अंगठ्याखाली पार बसला होता, कागदासारखा.

“चार म्हैन्यात ही गत,” आगवणे म्हणाले. “रानात नेता का घालून?”

“मग काय देवळीत ठेवू?”

माझ्यातली संशोधक जागी झाली. “हौसाबाई, तुम्ही या चपला रोज घालता?”

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की क्षणभर माझी डॉक्टरकी पुन्हा दाराबाहेर गेली. “मग काय डोईवर घिऊ?”

“पण मागच्या तपासणीत तुमच्या पायात चप्पल नव्हती. तसं लिहिलंय.”

“आत कुठं घालू देता?” हौसाबाई म्हणाल्या. “दारातच पाटी हाय न्हवं, काढा म्हणून? काढल्या. आत गेले. त्या सिस्टरनं माज्या पायाकडं बगितलं आन इचारलं, ‘पायात चप्पल आहे का?’ मी म्हनलं, न्हाई. आता डोळ्यानं दिसतंय तरी इचारती, मी काय सांगू?” मग त्या आगवण्यांकडे वळल्या. “ह्या बाई तवा तितंच हुत्या की. त्या निळ्या सपातांच्या कपाटाकडं बगत.”

मी तिथेच होते. ते खरे होते.

मला आठवते, मी पहिल्यांदा बाहेर पाहिले. दारापुढच्या ओट्यावर चपलांच्या रांगा होत्या, आणि त्यांत काळ्या रबराच्या, जाड पट्ट्यांच्या, ओळखता न येण्याची सोयच नसलेल्या चपला जोडीजोडीने आपल्या धन्यांची वाट पाहत होत्या. तीन वर्षे मी रोज त्यांना वळसा घालून आत गेले होते. निंबाळकर वॉर्डाच्या बाजूने यायचे, त्यांना हे दार कधी लागलेच नाही. मुजावरांना रुग्ण कागदावरच भेटत.

“तुम्ही सांगितलं का नाही?” माझा आवाज अकारण चढला.

“सांगितलं की,” आगवणे रबर कापत म्हणाले. “सरांना दोनदा. आन तुमाला एकदा. तुमी तर लिवून घेतलं.”

वही माझ्या पिशवीतच होती. उजव्या पानावर, निळ्या शाईत, माझ्याच टापटीप अक्षरात त्यांचे वाक्य होते: ‘तपासणीच्या दिवशी माझ्या दारापुढं शंभर जोड काढून ठेवलेले असतात. सगळे माझ्या हातचे, सगळे झिजलेले. लोक घालत नसतील तर ते चालत आले का?’ डाव्या पानावर लाल शाईत माझा अर्थ होता: ‘व्यवसायनिष्ठ अस्मिता. कारागिराचा अभिमान. उत्तम उदाहरण.’ उत्तम या शब्दाखाली दोन रेघा होत्या.

“तपासणीला तीन-तीन तास अनवाणी उभी ऱ्हात्यात ही माणसं,” आगवणे म्हणाले. “पायाला कळत न्हाई, म्हणून तर चप्पल दिली.”

मी मुजावरांना फोन केला. ते तासाभरात तक्ते घेऊन आले, चष्मा कपाळावर चढवून ओट्यावरच बसले, आणि एकेक ओळ बोटाने तपासू लागले.

“ते नऊजण,” शेवटी म्हणाले. “सापडले. सगळे चाकांच्या खुर्चीवरून आत आणलेले. त्यांना कुणी चपला काढायला सांगितलंच नाही.” त्यांनी चष्मा खाली घेतला. “मॅडम, तीन वर्षं आपण आपली पाटी मोजतोय.”

निंबाळकरांना मी त्याच दुपारी गाठले. त्यांनी सर्व शांतपणे ऐकून घेतले.

“अहवाल छापून झालाय,” ते म्हणाले. “आणि परवाच मला पटवलंत तुम्ही, की तो कलंक आहे. आता म्हणता पाटी आहे. सोमवारपर्यंत तिसरं काही निघायचं. आमच्या शास्त्रात असं चालत नाही, मॅडम.”

“आमच्याही नाही, सर. म्हणून तर आले.”

“समितीपुढे गटाचं एकच मत जायला हवं. प्रमुख म्हणून ते मी मांडेन.” मग दिलाशाच्या सुरात म्हणाले, “सपाता मिळाल्या ना?”

सोमवारी सकाळी समितीच्या पाच सदस्यांना त्यांच्या गाडीतून मी पुढच्या दाराने आणले. निंबाळकर आत गेल्यावर वॉर्डाकडचे दार त्या दिवशी बंद झाले होते. त्याची किल्ली कुठे गेली हे कुणाला सापडत नव्हते, आणि मुजावर ती शोधण्यात सर्वांत पुढे होते. पाटी वाचून पाचही वरिष्ठ डॉक्टरांनी निमूटपणे बूट काढले. आगवण्यांनी कपाट उघडून दाखवले: सपाता जेवढ्या होत्या तेवढ्या इथल्या डॉक्टरांच्या, नावानिशी. पाहुण्यांसाठी नव्हत्या. फरशी थंडगार होती. अध्यक्ष, आरोग्यखात्यातून निवृत्त झालेले एक भारदस्त गृहस्थ, मोज्याला पडलेले भोक झाकण्यासाठी एका पायावर दुसरा पाय ठेवून उभे राहिले.

मी माझ्या नव्या सपाता पिशवीतच ठेवल्या होत्या. हातात रुग्णांच्या तपासणीचा कोरा तक्ता घेतला.

“सर, सुरुवात करण्यापूर्वी गटाच्या पद्धतीप्रमाणे एक नोंद,” मी म्हणाले. “तपासणीच्या वेळी आपल्या पायात पादत्राण आहे का?”

अध्यक्ष माझ्याकडे पाहू लागले. “नाही. बाहेर काढायला लावलंत ना तुम्ही.”

“ते विचारायचा रकाना नाही, सर. ‘नाही’ एवढंच.” मी खूण केली. “पुढचे?”

पाचही जणांची नोंद झाली. मुजावरांनी मागून गंभीरपणे जाहीर केले, “पाचपैकी शून्य. निष्कर्ष असा, की तपासणी समितीचे सदस्य बूट वापरत नाहीत.”

“कारण अडाणीपणा,” मी म्हणाले, “किंवा कलंक. आमच्या गटात दोन मतप्रवाह आहेत. दुसरं माझं.”

तेवढ्यात आतून निळ्या सपातांचा चटचट आवाज करत डॉ. निंबाळकर आले आणि थबकले. अध्यक्षांनी त्यांच्या पायांकडे पाहिले, स्वतःच्या पायांकडे पाहिले, आणि मग वळून ओट्यावरच्या चपलांच्या रांगांकडे पाहिले. शनिवारसारखाच सोमवारही तपासणीचा वार होता. ते मूर्ख नव्हते.

“ही पाटी कुणी लावली?” त्यांनी विचारले.

“फरशी नवीन आहे, सर,” निंबाळकर म्हणाले.

“आणि हे कुणाच्या लक्षात आलं?”

“आपले मामा...” निंबाळकर म्हणू लागले.

“या प्रकल्पाचे चौथे संशोधक,” मी म्हणाले, “श्री. ज्ञानदेव आगवणे. अर्जात नाव आहे.” ज्ञानदेव हे नाव मी आदल्या दिवशी अर्जाच्या प्रतीत शोधून काढले होते. त्यापूर्वी ते मला ठाऊक नव्हते.

आगवणे पुढे आले. त्यांनी भाषण केले नाही. एका हातात हौसाबाईंची झिजलेली चप्पल धरली, दुसऱ्यात नवी, आणि दोन्ही अध्यक्षांच्या हातात दिल्या. अध्यक्षांनी झिजलेल्या तळव्यावरून अंगठा फिरवला. मग, जखमा कमी कशाने झाल्या, असे त्यांनी विचारले, तेव्हा डॉ. निंबाळकरांनी छताकडे पाहिले नाही.

पाटी त्याच दुपारी उतरली. कार्यशाळा राहिली, पुढे तिला शेजारची खोलीही मिळाली. शोधनिबंध छापून आला तेव्हा लेखकांत चार नावे होती. निंबाळकरांनी त्याला हरकत घेतली नाही. ते वाईट गृहस्थ नव्हते, फक्त सदैव दुसऱ्या दाराने येत. सपातांचे कपाट कुणी बंद केले नाही, पण आतल्या फरशीवर सगळेच आपापल्या चपलांनिशी फिरू लागल्यावर त्या सपातांत राहण्यासारखे काही उरले नाही. माझ्या, सहा नंबरच्या, अजून घरी आहेत. मी त्या घातल्याचे मला आठवत नाही.

अकरा वर्षांनी आगवणे निवृत्त झाले. निरोपाला मी मुद्दाम गेले. तारेवरचे कागद त्यांनी गठ्ठा बांधून नव्या कारागिराकडे दिले होते. एक तेवढा वेगळा काढून ठेवला होता.

“तुमचा हाय,” ते म्हणाले. “तुमी माझं लिवून घेतलेलं मी कधी वाचलं न्हाई. म्हटलं, निदान माझं तरी तुमाला वाचाय द्यावं.”

“लाल शाईतलं माझं आता खोडलंय मी,” मी म्हणाले.

“मी न्हाई खोडलं.”

कागद पिवळा पडला होता. दोन पावले, उजवे जरा आत. त्या शनिवारची तारीख. खाली पेन्सिलीने, जाड, सावकाश अक्षरात:

‘लिमयेबाई. नंबर ६. पाय चांगले. चालताना खाली बघत नाहीत.’